आजाऱ्याचा घास : तलबीना

ताप उतरतो, पण तोंडाची चव परतत नाही. घरचे प्रेमाने सालन-रोटी पुढे करतात, आजारी माणूस तोंड फिरवतो आणि उगाच रुसवेफुगवे होतात. भगिनींनो, अशा वेळी आग्रह नको, तलबीना करा. हजरत आयेशा (रजि.) आजाऱ्याला आणि ज्यांच्या घरी मयत झाली आहे अशा दुःखितांना तलबीना द्यायला सांगत, असे सहीह बुखारीत आले आहे. दुःखाने ज्याच्या गळ्याखाली घास उतरत नाही, तोही आजारीच की!

कृती : 2 चमचे जवाचे, म्हणजे बार्लीचे, पीठ 1 कप गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवा. मंद आचेवर ढवळत 10 मिनिटे शिजवा. 1 कप दूध घालून आणखी 5 मिनिटे ठेवा. पेजेसारखे सैल झाले की उतरवा. कोमट झाल्यावर 1 चमचा मध घाला.

मधुमेह असेल तर मध वगळा. 1 वर्षाखालील बाळाला मध मुळीच देऊ नका. ज्यांना गहू सोसत नाही, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच जव घ्यावा. जुलाब होत असतील तर दूध-मध न घालता पाण्यातच शिजवून चिमूटभर मीठ घाला.

एका वेळी अर्धी वाटी पुरे. दोन तासांनी पुन्हा विचारा, आणि वाटी संपेपर्यंत जवळ बसा.