खुनी देखणा असला की खून लहान होतो का?

सिनेमातल्या खुनी, छळवादी, बायकांना वस्तू समजणाऱ्या नायकावर लोक टाळ्या का वाजवतात, असे विचारले की उत्तर ठरलेले असते. 'अहो, तो सिनेमा आहे. कॅरेक्टर भारी लिहिलंय, अ‍ॅक्टिंग भारी केलीय, एवढंच.' ठीक. मग या भारी कॅरेक्टर्सची नावे एकदा ओळीने वाचू. 'बाजीगर'मधला अजय शर्मा. 'डर'मधला राहुल मेहरा. 'रांझणा'मधला बनारसच्या पंडिताचा मुलगा कुंदन. तेलुगूतला अर्जुन रेड्डी आणि त्याचाच हिंदी अवतार कबीर सिंग. 'अ‍ॅनिमल'मधला पोलाद कारखानदाराचा वारस रणविजय सिंग. १९९३ ते २०२३, तीस वर्षे झाली. या यादीत एखादा कांबळे, वाघमारे किंवा वाल्मीकी कुठे बसतो का, शोधून पाहा.

आमच्यातलाही कुणी खुनी नायक व्हावा अशी माझी मागणी नाही. सांगायचे आहे ते वेगळेच. क्रूर असूनही हवाहवासा वाटणे हा पडद्यावर मिळणारा परवाना आहे, आणि तो कुणाच्या नावाने निघतो हे या देशात आडनाव ठरवते.

आधी 'सायकोपॅथ' या शब्दाबद्दल. आपल्याकडे हा शब्द कुठल्याही विक्षिप्त माणसाला लावतात. मानसिक आजाराशी झगडणाऱ्या माणसांवर तो चिकटवणे तर निव्वळ अन्याय आहे. हर्व्ही क्लेक्ली या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९४१ साली या विषयावर पुस्तक लिहिले. त्यात लक्षणांच्या यादीत पहिलेच लक्षण होते वरवरचा मोहकपणा. पुढे कॅनडाच्या रॉबर्ट हेअर यांनी वीस मुद्द्यांची तपासणी-यादी तयार केली, जी आजही तुरुंगांत वापरली जाते. तिथेही पहिला मुद्दा तोच: गोड बोलणे, छाप पाडणे. नंतर येतात स्वतःबद्दलच्या अवास्तव कल्पना, खोटेपणा, पश्चात्तापाचा अभाव, दुसऱ्याच्या वेदनेबद्दल बेफिकिरी. म्हणजे आपण 'तो वाईट आहे, पण किती छान आहे' असे म्हणतो तेव्हा गल्लत करतो. त्याचे छान असणे हा त्याच्या वाईटपणाला दिलेला उतारा नव्हे, ते त्याच वाईटपणाचे हत्यार आहे.

हे हत्यार सिनेमात कसे चालवतात ते पाहू. 'बाजीगर' नोव्हेंबर १९९३ मध्ये आला. नायक त्याच्यावर जीव टाकणाऱ्या मुलीला इमारतीवरून ढकलून देतो. पण त्याआधी आपण त्याचे गाणे ऐकलेले असते, आणि पुढे त्याच्या आईचे दुःखही आपल्यासमोर सविस्तर मांडले जाते. ढकललेल्या मुलीच्या वाट्याला मात्र काही मिनिटे येतात. या भूमिकेसाठी शाहरुख खानला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. पुढच्याच महिन्यात 'डर' आला. त्यातला कागदावरचा नायक नौदलातला अधिकारी होता, पण प्रेक्षकांनी डोक्यावर घेतले ते किरणचा पाठलाग करणाऱ्या राहुलला. याचे कारण साधे आहे. कॅमेरा राहुलच्या खोलीत बसला आहे. मेलेल्या आईशी फोनवर बोलणारा एकाकी राहुल आपल्याला दिसतो. किरणला रात्री झोप लागत नाही, ती दचकते, दार लावून घेते, हे सगळे त्याच्या 'प्रेमा'ची खोली मोजण्यासाठी वापरले जाते. ज्याच्या बाजूने कॅमेरा उभा राहतो त्याच्या बाजूने आपणही उभे राहतो. यात प्रेक्षकाच्या बुद्धीचा दोष नाही, सिनेमाचे तंत्रच तसे आहे. पण मग कॅमेरा कुठे ठेवायचा हा निर्णय घेणाऱ्याला जाब विचारायलाच हवा.

'कबीर सिंग'मधला एक प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. समीक्षकांनी त्याच्या थपडेवर भरपूर लिहिले, चाकूच्या धाकाने बाईला कपडे काढायला लावण्यावर लिहिले, आणि ते योग्यच होते. पण त्याच सिनेमात घरकाम करणाऱ्या बाईच्या हातून काचेचा ग्लास फुटतो आणि हा डॉक्टर नायक तिच्या मागे धावत सुटतो. ती बाई जिवाच्या भीतीने पळते. हा प्रसंग विनोदी म्हणून घेतला आहे आणि थिएटरमध्ये हशा पिकतो. मूळ तेलुगू सिनेमातही तो आहे. मुंबई-पुण्यात धुणीभांडी करायला जाणाऱ्या बाया कुठल्या वस्त्यांतून येतात, हे मी सांगायची गरज नाही. त्यांतल्या कितीतरी जणी आपल्या आया, मावश्या, वहिन्या आहेत. मालकाचा हात उठेल, चोरीचा आळ येईल, महिन्याचा पगार कापला जाईल, ही भीती त्या रोज पदरात बांधून कामावर जातात. नायिकेला मारलेली थप्पड निदान वादाचा विषय झाली. कामवालीच्या भीतीवर तर तेवढा वादसुद्धा झाला नाही. पडद्यावर कुणाचे दुःख दुःख ठरते आणि कुणाचे विनोद ठरते, याचा एवढा उघड पुरावा दुसरा कुठला हवा?

आता जातीकडे या. 'अर्जुन रेड्डी' या नावातच जात आहे. आंध्र-तेलंगणातली जमीनदार, सत्ताधारी जात. त्या तरुणाची रग, त्याचा हट्ट, 'ही माझी आहे' असे सगळ्या कॉलेजला बजावणे, हे सगळे त्याच्या व्यक्तिमत्त्वाचे तेज म्हणून दाखवले जाते. त्याच आंध्रात, गुंटूर जिल्ह्यातल्या त्सुंदूर गावी १९९१ मध्ये काय घडले? ठिणगी पडली सिनेमागृहात. एका शिकलेल्या दलित तरुणाचा पाय रेड्डी तरुणाला लागला. एवढ्यावरून आधी गावाने दलितांवर बहिष्कार टाकला आणि ६ ऑगस्टला आठ दलितांची कत्तल झाली. २००७ मध्ये विशेष न्यायालयाने एकवीस जणांना जन्मठेप सुनावली. २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने सगळ्यांना सोडून दिले. पडद्यावरच्या रेड्डीची रग पाहताना मला त्सुंदूरचे ते सिनेमागृह आठवते. तिथे पाय लागणे हा गुन्हा होता. इथे अख्खी मुलगी ताब्यात घेणे हे प्रेम आहे.

महाराष्ट्राने छाती फुगवायचे कारण नाही. २८ एप्रिल २०१४ रोजी अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्डा गावी नितीन आगे या सतरा वर्षांच्या दलित मुलाला मारून झाडाला लटकवण्यात आले. वरच्या जातीतल्या मुलीशी त्याचे बोलणे होते, एवढाच त्याच्यावरचा संशय. साक्षीदार फिरले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. त्याच २०१४ साली नागराज मंजुळेंचा 'फँड्री' चित्रपटगृहांत आला होता. त्यातला जब्या शालूशी धड एक शब्द बोलत नाही. नुसता लांबून बघतो. त्याने तिचा पाठलाग करून तिला धमकावले असते, तर त्याला कुणी 'पॅशनेट लव्हर' म्हटले असते का? गावाने त्याचे काय केले असते, हे खर्ड्याने दाखवून दिले आहे. एका जातीच्या मुलाने पाठलाग केला की तो नायक, दुसऱ्या जातीच्या मुलाने नुसते बोलले तरी मरण. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की 'मोहक खलनायक' ही निव्वळ कलेची गोष्ट राहत नाही.

आणि हे जातीपुरतेच नाही. 'अ‍ॅनिमल'मध्ये रणविजय माणसे कापतो आणि पुरुषार्थावर प्रवचने देतो. त्याचा शत्रू अबरारही माणसे कापतो, बायकांवर अत्याचार करतो. दोघांचे रक्तही एकाच खानदानाचे. फरक इतकाच की अबरार मुसलमान आहे, म्हणून त्याची हिंसा किळसवाणी; आणि रणविजय स्वस्तिक नावाच्या कंपनीचा वारस आहे, म्हणून त्याची हिंसा वडिलांवरचे प्रेम. हिंसा एकच, फक्त धर्म बदलला की पार्श्वसंगीत बदलते.

यावर तीन आक्षेप नेहमी येतात. त्यांना उत्तर दिलेच पाहिजे.

पहिला आक्षेप: 'मग वाङ्मयात वाईट माणूस दाखवायचाच नाही का?' जरूर दाखवा. आपल्या बौद्ध परंपरेइतका भयंकर खुनी कुणी दाखवला असेल? अंगुलिमाल हा मारलेल्या माणसांच्या बोटांची माळ घालून फिरणारा खुनी. मज्झिम निकायात त्याच्या नावाचे स्वतंत्र सुत्त आहे. पण ती कथा त्याच्या देखण्या रुबाबावर थांबत नाही. तो भिक्खू होतो, त्यानंतरही भिक्षेला गेला असता लोकांच्या दगडांनी त्याचे डोके फुटते, पात्र फुटते, चीवर फाटते. तथागत त्याला म्हणतात, हे सहन कर, हे तुझ्याच कर्माचे फळ आहे. पाहा, त्याला बदलण्याची संधी आहे, पण ज्यांचे रक्त सांडले त्या गावाचा दगडही कथेत आहे. कबीर सिंग दारूच्या नशेत शस्त्रक्रिया करतो, त्याचा परवाना जातो, आणि शेवटी त्याला काय मिळते? हवी ती मुलगी, बाळ आणि घर. एकही दगड नाही.

दुसरा आक्षेप: 'निदान तो ढोंगी नाही. जसा आहे तसा आहे.' तरुणांमध्ये हे वाक्य फार चालते. बाबासाहेबांनी याचा समाचार १९४३ सालीच घेतला आहे. पुण्यात रानडे यांच्या जयंतीनिमित्त दिलेल्या व्याख्यानात त्यांनी थोर पुरुष कुणाला म्हणावे हा प्रश्न घेतला. कार्लाइलने प्रामाणिकपणाची कसोटी सांगितली होती. बाबासाहेबांनी ती तपासली आणि ती पुरेशी नाही असे दाखवले. प्रामाणिकपणा हवा, बुद्धी हवी, पण त्या माणसाला चालवणारे सामाजिक ध्येय नसेल तर तो थोर नव्हे. जो मनापासून क्रूर आहे तो प्रामाणिकच असतो. अस्पृश्यता पाळणारेही मनापासूनच पाळत होते. प्रामाणिकपणाने काय केले, हे विचारायचे असते.

तिसरा आक्षेप: 'म्हणजे तुम्हाला बंदी हवी.' नको. बंदीची मागणी कोण करते आणि ती कुणावर उलटते, हे आंबेडकरी माणसाइतके कुणाला ठाऊक आहे? 'रिडल्स इन हिंदुइझम' सरकारने १९८७ साली छापले तेव्हा त्यातले राम-कृष्णाचे प्रकरण वगळा म्हणून रान उठवले गेले, आणि बाबासाहेबांच्या शब्दांसाठी आपली माणसे १९८८ मध्ये मुंबईच्या रस्त्यावर उतरली. त्यामुळे कात्री आमच्या हातात नको आणि त्यांच्याही नको. आम्हाला टीका करायची आहे, आणि टीका हा बंदीचा धाकटा भाऊ नव्हे, ती बंदीची विरोधक आहे.

आता शेवटचा आणि सगळ्यात कडू मुद्दा आपल्याच पोरांशी बोलायचा आहे. 'अ‍ॅनिमल'चे संवाद आपल्या वस्तीतल्या मुलांच्याही स्टेटसला होते. जयंतीच्या मिरवणुकीतसुद्धा तसले गॉगल, तसल्या दाढ्या दिसल्या. का, हे मला समजते. ज्याला कॉलेजात, कचेरीत, भाड्याच्या घरासाठी दारोदार फिरताना सतत कुणाची तरी परवानगी मागावी लागते, त्याला कुणाचीच परवानगी न मागणारा माणूस भुरळ घालणारच. पण भावांनो, त्या माणसाला परवानगी लागत नाही ती त्याच्या हिमतीमुळे नाही. त्याच्या मागे बापाचा कारखाना आहे, आडनाव आहे, पोलीस आहे. तुम्ही त्याची दाढी ठेवू शकता, त्याचे जामीनदार कुठून आणणार?

कुणी म्हणेल, 'द व्हाइट टायगर'मध्ये तर खालचा माणूसच मालकाला मारून वर येतो. २००८ साली बुकर मिळालेली ती कादंबरी. बलराम हलवाई मालकाचा गळा फोडलेल्या बाटलीने चिरतो आणि बंगळुरूत धंदा उभारतो. पण आपल्या या कृत्याचा सूड गावाकडच्या अख्ख्या कुटुंबावर उगवला जाईल, हे ठाऊक असूनही तो तो करतो. ही मुक्ती एकट्याची आहे, आणि तिची किंमत घरच्यांनी मोजायची आहे. आपला इतिहास वेगळा आहे. १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिच्या रागात काही कमी नव्हते. त्या रागाने भल्याभल्यांची झोप उडवली. पण तो राग गावोगावच्या अत्याचारांसाठी होता, दुसऱ्याच्या बाईवर हक्क सांगण्यासाठी नव्हता. महाडचे तळेही एकट्या हिरोने गाजवले नाही.

म्हणून पुढच्या वेळी एखादा देखणा क्रूर नायक पडद्यावर आला की शिट्टी मारण्याआधी तीन प्रश्न विचारा. याचे आडनाव बदलले तर गोष्ट अशीच राहील का? याने ज्यांना दुखावले त्यांना किती वेळ बोलू दिले? आणि काच फुटल्यावर पळणारी ती बाई या गोष्टीत कुणाची आई आहे? उत्तरे मिळाली तर सिनेमा पाहा, खुशाल पाहा. पण टाळी कुणासाठी वाजवायची हे मग तुम्हाला कुणी शिकवावे लागणार नाही.

जय भीम!