खिडकीची मूठ

सांगलीच्या विश्रामबाग भागातील एका सदनिकेत आषाढाच्या पहिल्या आठवड्यात खिडकीची मूठ तुटली. खोली अण्णांची. वय ऐंशीच्या पुढे गेलेले. सकाळी आणि सायंकाळी सामायिकासाठी ते याच पश्चिमेच्या खिडकीपाशी चटई अंथरतात. त्या दिवशी पावसाची सर आत येऊ लागली म्हणून मुलाने घाईने झडप ओढली, मूठ जोराने खाली दाबली, आणि तिचा दांडा त्याच्या हातात आला. पट्टीवर राहिला तो बोटभर खुंट.

खिडकी आजच्या पद्धतीची, पांढऱ्या यूपीव्हीसीची, बाहेर उघडणारी. आत लोखंडी गजांची जाळी. खुंटाला सुतळी बांधून तिचे दुसरे टोक गजाला आवळले गेले आणि तात्पुरती सोय झाली. खिडक्या बसवणाऱ्या दुकानातून एक माणूस येऊन गेला. त्याने मुठीकडे पाहिलेही नाही; सगळी झडपच बदलावी लागेल असे सांगून आणि एक मोठा आकडा बोलून तो निघून गेला. मग ‘रविवारी बघू’ सुरू झाले. पहिला रविवार लग्नात गेला, दुसरा पावसात, तिसऱ्याचे कारण कुणाच्या लक्षातही राहिले नाही. मध्यंतरी चतुर्दशी आली, चातुर्मास सुरू झाला. घरात हिरव्या भाज्या बंद झाल्या, पाणी दुहेरी कापडाने गाळले जाऊ लागले, गव्हाचा डबा दोनदा निवडला गेला. सुतळी मात्र होती तिथेच होती.

सुतळीने आवळलेली झडप बंद दिसते, पण बंद नसते. वारा आला की ती बोटभर उघडते, वारा ओसरला की चौकटीवर आपटते. अण्णांचा स्वाध्याय रात्री नऊपर्यंत चालतो, म्हणून दिवा जळत असे. त्या फटीतून उजेड बाहेर जाई आणि उजेडाच्या वाटेने पाकोळ्या, चिलटे, पहिल्या पावसानंतर निघणारी पंखांची वाळवी आत येई. त्यांच्या मागे पाली. वद्य पक्षातील एका सकाळी आक्कांनी पडदा सारला तेव्हा बिजागरीच्या बाजूला, झडप आणि चौकट यांच्यामध्ये, पालीचे एक पिल्लू चेंगरलेले दिसले.

आक्कांनी आरडाओरडा केला नाही. कागदाच्या घडीवर ते पिल्लू उचलून खाली बागेतल्या मातीत ठेवले, हात धुतले, मंदिरात जाऊन आलोचना केली, आणि श्रावणी पौर्णिमेपर्यंत तूप सोडले. जेवताना वाढलेले तूप त्यांनी बाजूला सारले, तेव्हा मुलाला ते कळले.

“आक्का, घर म्हटलं की आरंभी हिंसा होणारच की. चूल आहे, केरसुणी आहे, दारं-खिडक्या आहेत. तू कशाला मनाला लावून घेतेस?”

“आरंभी म्हणतोस? आरंभ कुठं केला होतास तू, बाळ? तीन आठवडे कामाला हात लागला नाही. हिंसा तेवढी झाली.”

मुलगा निरुत्तर झाला, आणि ते स्वाभाविकच होते. श्रावकाचारात हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार सांगितले आहेत. गृहस्थाला आरंभी हिंसा सर्वस्वी टाळता येत नाही, ही सवलत सगळ्यांना तोंडपाठ असते. ती केलेल्या कामासाठी आहे, न केलेल्या कामासाठी नाही, हे सोयीस्करपणे विसरले जाते. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना उमास्वामींनी प्रमादाचा उल्लेख आधी केला आहे आणि प्राणहानीचा नंतर. अनर्थदंडाच्या पाच भेदांतही प्रमादचर्येला स्वतंत्र स्थान आहे: ज्यातून काही साधत नाही आणि जीवाला मात्र पीडा होते, असे वागणे. मुनींच्या पाच समितींपैकी आदाननिक्षेपण समिती तर वस्तू उचलण्या-ठेवण्यातील सावधपणाचीच आहे. मुनिमहाराज कमंडलू ठेवण्यापूर्वी पिंछीने जागा मऊपणे झाडून घेतात. गृहस्थाजवळ पिंछी नसते, पण दिवसातून चार वेळा उघडमीट होणारी खिडकी असते. आणि तिची मूठ शाबूत असेल तरच ती सावकाश, पाहून मिटता येते. तुटकी खिडकी वाऱ्याच्या ताब्यात जाते.

काम शेवटी हाती घेतले ते नातीने. ती बारावीत आहे. सुतारकाम, लोहारकाम यांची तिला काही माहिती नव्हती. पडदा बांधून तिने सकाळच्या उजेडात खुंटाची पट्टी नीट न्याहाळली. पट्टीवरचे प्लॅस्टिकचे झाकण किंचित उचलून आडवे फिरवताच खाली दोन स्क्रू दिसले. ते काढल्यावर पट्टी, खुंट आणि मागची चौकोनी दांडी असे सगळे एकत्र हातात आले. झडपेत उरले एक चौकोनी भोक.

या भोकातच सगळे मर्म आहे. मूठ स्वतः काही बंद करत नाही. ती फिरली की चौकोनी दांडी फिरते, दांडी झडपेच्या आतला छोटा दंतचक्राचा डबा फिरवते, डबा झडपेच्या कडेने बसवलेली लांब पट्टी वर-खाली सरकवतो, आणि त्या पट्टीवरच्या गोल खुंट्या चौकटीतल्या खाचांत जाऊन अडकतात. मूठ तुटली म्हणून हे सगळे मोडत नाही. खात्री करायची रीत सोपी: दांडी पुन्हा भोकात घालायची, पकडीने धरायची आणि पाव फेरा द्यायचा. पट्टी सरळ सरकली तर दोष मुठीत आहे. दांडी अडली, किंवा नुसती गरगर फिरली, तर आतला डबा गेला असे समजावे. तोही बहुधा वेगळा बदलता येतो, त्यासाठी झडप टाकून द्यावी लागत नाही.

नातीने पकडीने दांडी फिरवली. पट्टी सुरळीत सरकली, खुंट्या खाचांत बसल्या आणि झडप चौकटीला घट्ट बिलगली. खोलीत क्षणभर कुणी काही बोलले नाही. स्वयंपाकघराच्या फडताळातल्या पकडीने ही खिडकी पहिल्याच दिवशी बंद करता आली असती. सुतळीची गरजच नव्हती.

“अगं, हे एवढंच होतं?” मुलगा म्हणाला.

आक्कांनी मान हलवली आणि त्या आत गेल्या.

झडप अशी बंद करून जुनी मूठ पिशवीत घालून नात गणपती पेठेत गेली. जुनी वस्तू सोबत नेणे हे अर्धे काम आहे, कारण दुकानात मुठी डझनांनी असतात आणि सगळ्या सारख्या दिसतात. मोजमापे तीन. दांडीची जाडी, ती अशा खिडक्यांत बहुधा ७ मिलिमीटर असते. दोन स्क्रूंच्या मध्यांतील अंतर. ते बहुधा ४३ मिलिमीटर. ही दोन प्रमाणित असल्याने एका कंपनीच्या खिडकीला दुसरीची मूठ सहसा बसते. फसगत होते ती तिसऱ्या मापात, म्हणजे पट्टीच्या मागे दांडी किती बाहेर आली आहे त्यात. ती आखूड पडली तर डब्यापर्यंत पोचत नाही. लांब झाली तर पट्टी झडपेला टेकत नाही, आणि लोक स्क्रू आवळून ती बळेच टेकवू पाहतात. लांब दांडी करवतीने कापता येते, आखूड वाढवता येत नाही; तेव्हा शंका असल्यास लांब घ्यावी. काही मुठी डाव्या-उजव्या असतात, तेही पाहावे. नातीच्या मुठीचे माप ३५ मिलिमीटर भरले आणि तेवढ्याच मापाची मूठ मिळाली. तिची किंमत त्या माणसाने सांगितलेल्या आकड्याच्या पासंगालाही पुरली नसती.

बसवायला दहा मिनिटेही लागली नाहीत. एकच काळजी घ्यावी लागते: दोन्ही स्क्रू आळीपाळीने, हातानेच आवळावेत. यंत्राने आवळले तर आटे जातात, आणि फार आवळले तर नवी मूठही जड फिरते.

पण मूठ मुळात तुटली का, हा प्रश्न उरतोच, आणि बहुतेक घरांत तो विचारला जात नाही. मूठ सहसा म्हातारपणाने तुटत नाही. जोर लावल्याने तुटते. अण्णांच्या खिडकीची झडप वजनाने किंचित खाली उतरली होती. खालचा कोपरा चौकटीवर घासत होता, खुंट्या खाचांपेक्षा जराशा खाली आल्या होत्या, आणि गेले वर्षभर घरातला प्रत्येक जण मूठ दाबून ती उणीव भरून काढत होता. बिजागरीचे सैल स्क्रू आवळल्यावर झडप वर आली. त्याआधी मऊ कुंचल्याने खाचा आणि चौकटीच्या तळाची पाणी जाण्याची छिद्रे हळूच साफ केली. त्यांत मुंग्या होत्या, एक इवलासा कोळी होता. ते वाट काढून जाईपर्यंत थांबावे लागले. हे काम पावसाळ्याआधी, जीवोत्पत्ती वाढण्यापूर्वी, व्हायला हवे. खुंट्यांना शिलाई यंत्राच्या तेलाचा एकेक थेंब पुरतो. घरातले खोबरेल किंवा गोडेतेल मात्र घालू नये. ते काही दिवसांत चिकट होते, धूळ धरते आणि मुंग्यांना आमंत्रण देते.

आक्कांच्या माहेरी, वाड्यातल्या सागवानी खिडक्यांना अशी यंत्रे नव्हती. कडी, खिट्टी आणि आकडा एवढेच. तिथे दोष निराळा, उपायही निराळा. खिट्टीच्या स्क्रूचे भोक लाकडात मोठे होई आणि खिट्टी लोंबू लागे. भोकात बांबूची बारीक कामटी ठोकून त्यावर स्क्रू पुन्हा आवळला की काम होई. गावचा सुतार कामटीला सरस लावू म्हणे आणि आक्कांचे वडील त्याला नको म्हणत, कारण सरस जनावरांच्या हाडा-कातड्यापासून शिजवतात. कामटी कोरडीच ठोकली जाई, आणि वर्षभराने पुन्हा ठोकावी लागे. १९५९ मध्ये फेविकॉल बाजारात आला तो अशा प्राणिज सरसाला पर्याय म्हणूनच. आज हा प्रश्न कुणाला पडतही नाही. एका खिट्टीसाठी दरवर्षी पुन्हा खपण्याची त्या माणसाची तयारी होती, हे आक्कांनी त्या दुपारी नातीला सांगितले. मुलगा शेजारीच बसला होता.

दुसऱ्या दिवशी त्याने कामावर जाण्यापूर्वी घरातल्या उरलेल्या चार खिडक्या एकेक करून उघडून मिटून पाहिल्या. दोन मुठी सैल निघाल्या. त्यांची मापे कागदावर लिहून तो कागद त्याने खिशात घातला, आणि संध्याकाळी येताना दोन मुठी घेऊन आला.

तुपाचा नियम आक्कांनी पौर्णिमेपर्यंत पाळला. सुतळी कुणी टाकून दिली नाही. तिला तो मऊ कुंचला बांधून गजाला अडकवला आहे. सायंकाळी दिवा लावण्यापूर्वी नात झडप अर्धी ओढते, बिजागरीच्या फटीतून कुंचला वरून खाली फिरवते, काही बाहेर येते का ते पाहते, आणि मग मूठ खाली करते. अण्णा तोवर चटई अंथरून थांबलेले असतात.