व्हिसाचा कागद कोणाच्या कपाटात?



आपल्या रेल्वे कॉलन्यांतून आणि टपाल वसाहतींतून आज सूक्ष्मजीवशास्त्र, औषधनिर्माण, जैवतंत्रज्ञान शिकणारी मुले-मुली निघत आहेत. त्यांतली काही बापाच्या पी.एफ.मधली उचल आणि बँकेचे कर्ज घेऊन अमेरिकेला जातात. घरी चर्चा होते ती व्हिसा मिळाला की नाही एवढीच. मिळाल्यावर तो कोणाच्या ताब्यात राहतो, ही चर्चा कोणी करत नाही. ती कामगार संघटनेच्या नजरेने व्हावी, म्हणून हे चार शब्द.

अमेरिकेत औषधे, लसी, निदानाची साधने बनवणाऱ्या कंपन्या या कामासाठी वकिलांच्या फर्म नेमतात. कोणता शास्त्रज्ञ कोणत्या व्हिसावर आहे, मुदत कधी संपते, पुढचा अर्ज कधी टाकायचा, याचा तक्ता ठेवला जातो. त्यात गैर काही नाही. नव्या औषधाच्या चाचण्या वर्षानुवर्षे चालतात. आकडेवारी सांभाळणाऱ्या माणसाचा परवाना मध्येच संपला तर काम अडते. आमचे म्हणणे वेगळे आहे. त्या तक्त्यात ज्याचे भवितव्य मांडलेले असते, त्यालाच तो तक्ता सहसा दाखवला जात नाही.

एच-१बी या व्हिसाची आजची रचना १९९० च्या कायद्याने आली. अर्जदार असतो मालक. कामगार हा त्या अर्जाचा विषय. वर्षाला ६५,००० आणि अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांसाठी आणखी २०,००० अशी मर्यादा आहे. मार्चमध्ये नोंदणी होते, मागणी जास्त असली की सोडत निघते आणि नोकरी १ ऑक्टोबरपासून धरली जाते. विद्यापीठे आणि ना-नफा संशोधन संस्था मात्र या मर्यादेबाहेर आहेत.

जीवशास्त्रातल्या माणसाची कोंडी नेमकी इथे होते. पीएच.डी. झालेली मुलगी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत लागते, सोडतीची कटकट नसते. चार वर्षांनी खासगी कंपनी तिला चांगल्या पगारावर बोलावते. आता ती मर्यादेत आली! व्हिसा हातात असूनही तिला पहिल्यांदा सोडतीत उतरावे लागते. नंबर लागला नाही तर प्रयोगशाळेतल्या त्याच कमी पगारावर राहायचे. हे तिच्या साहेबालाही ठाऊक असते. सोडून जाण्याची वाट बंद असलेल्या माणसाला पगारवाढ मागताना किती जोर येतो, हे आपल्याला सांगायला नको.

आणि नोकरी गेली तर? २०१७ पासूनच्या नियमाने जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत मिळते. तेवढ्यात नवा मालक शोधायचा, दुसरा दर्जा मिळवायचा, नाहीतर देश सोडायचा. छोट्या बायोटेक कंपनीत एक चाचणी फसली, भांडवल आटले की अख्खा विभाग बंद होतो. मग घरभाडे, मुलांची शाळा, इकडचे कर्ज हे सारे त्या ६० दिवसांत कोंबायचे. आपल्या यार्डात ठेकेदाराच्या माणसाचा गेटपास ठेका संपताच रद्द होतो. फरक इतकाच की तिथे गेटबाहेर म्हणजे देशाबाहेर.

कायमच्या वास्तव्याच्या परवान्याचे, म्हणजे ग्रीन कार्डाचे, तर विचारूच नका. नोकरीच्या आधारावर वर्षाला सुमारे १,४०,००० आणि कोणत्याही एका देशाला साधारण ७ टक्क्यांच्या वर नाहीत. भारतीयांची रांग म्हणून वर्षानुवर्षे हलत नाही. रांगेतली तारीख ही आपल्या सेवाज्येष्ठतेसारखी. टपालातल्या बांधवांना नियम ३८ ची बदली ठाऊक आहे. रेल्वेतही विनंतीवरून बदली घेतली की यादीच्या तळाशी जावे लागते. तिथे मालकाचा अर्ज एकदा मंजूर झाला की ती तारीख पुढच्या मालकाकडेही चालते, एवढे बरे. पण नवीन मालकाला बाकीची प्रक्रिया मुळापासून करावी लागते, आणि तो ती करीलच याची हमी नाही.

या कायद्यात कामगाराच्या उपयोगाचीही कलमे आहेत, ती फारशी कोणी वाचत नाही. एच-१बीचा माणूस घेण्यापूर्वी मालकाला वेतनाचे लेखी हमीपत्र द्यावे लागते आणि त्याची सूचना त्या पेशाच्या कामगार संघटनेला द्यावी लागते. संघटना नसेल तर कामाच्या जागी सूचना लावावी लागते. संप किंवा टाळेबंदी चालू नाही असेही लिहून द्यावे लागते, म्हणजे संप फोडायला हा व्हिसा वापरता येऊ नये. काम नाही म्हणून मालकाने माणूस बसवून ठेवला तर त्या काळाचा पगार द्यावा लागतो. मुदतीआधी काढले तर मायदेशी परतीचे वाजवी भाडे मालकावर. आणि केवळ संपात भाग घेतला म्हणून एच-१बीधारकाचा दर्जा जात नाही, असे नियमात स्पष्ट आहे.

पण सूचना लावून घ्यायला, हमीपत्र तपासायला संघटना हवी. खासगी औषध कंपन्यांच्या संशोधन विभागांत ती क्वचितच दिसते. विद्यापीठांत मात्र चित्र बदलते आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्निया विद्यापीठातील सुमारे ४८,००० शैक्षणिक कामगार संपावर गेले, त्यांत पीएच.डी.नंतरचे संशोधकही होते. २०२३ मध्ये अमेरिकी सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील तरुण संशोधकांनी संघटना उभी केली. या दोन्ही ठिकाणचे कामगार मोटार कामगारांच्या जुन्या संघटनेशी, यूएडब्ल्यूशी, जोडलेले आहेत. प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या कोटाला कारखान्यातल्या निळ्या कपड्यांनी हात दिला, ही गोष्ट मला मोलाची वाटते.

अमेरिकी संघटनांचा या व्हिसावर राग आहे, हेही सांगितले पाहिजे. त्याने पगार खाली ओढले जातात, असे त्या अनेक वर्षे म्हणत आल्या आहेत. त्यात तथ्य आहे. पण बांधलेला माणूस स्वस्त पडतो तो बांधलेला असल्यामुळे. तो सोडवला तर तिथल्या कामगाराचाही पगार सावरेल. सरकारने मात्र सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरच्या नव्या अर्जांवर एक वर्षासाठी १ लाख डॉलरचा आकार बसवला, आणि डिसेंबर २०२५ च्या नियमाने वरच्या वेतनश्रेणीला निवडीत जास्त संधी दिली. मोठी कंपनी हे सोसेल. छोटी प्रयोगशाळा नवशिक्याला घेणारच नाही. मालकाची पकड या दोन्हींमुळे तसूभरही सैल झालेली नाही.

आपल्या महासंघांचे प्रतिनिधी आंतरराष्ट्रीय अधिवेशनांत अमेरिकी संघटनांच्या शेजारी बसतात. तिथे तीन गोष्टी मांडाव्यात: नोकरी गेल्यावरची मुदत ६० दिवसांवरून किमान सहा महिने करा, विद्यापीठातून कंपनीत जाणाऱ्याला सोडतीतून सूट द्या, आणि अर्जाच्या प्रत्येक कागदाची प्रत कामगाराला मिळणे सक्तीचे करा.

तोवर ज्यांची मुले तिकडे आहेत, त्यांनी या आठवड्याच्या फोनवर एवढे विचारावे: मंजुरीची सूचना, वेतनाचे हमीपत्र आणि पगाराच्या पावत्या तुझ्याजवळ आहेत की कंपनीच्या वकिलाजवळ? हमीपत्राची प्रत मागणे हा तिचा हक्क आहे. नसेल तर आजच मागायला सांगा, कंपनी बंद पडल्यावर ते कागद शोधत बसावे लागू नये.