मनू, नोहा आणि मातीची पाटी: प्रलयाच्या कथा सारख्या का वाटतात?

‘सगळ्या धर्मांत प्रलयाची कथा आहे, म्हणजे प्रलय खरंच आला होता.’ किंवा ‘नोहाची गोष्ट आपल्या मनूवरून उचलली आहे.’ अशा धर्तीचे मेसेज तुमच्याही ग्रुपवर येऊन गेले असतील. त्याखालची भांडणंही ठरलेली. पण या कथा शेजारी ठेवून वाचल्या, तर काय दिसतं?

अशा वाचनाला तौलनिक मिथकशास्त्र म्हणतात. नाव जड असलं तरी काम सोपं आहे: काय सारखं आहे आणि काय वेगळं आहे, हे नीट पाहायचं.

हे भांडणही जुनंच आहे. ३ डिसेंबर १८७२ रोजी लंडनमध्ये जॉर्ज स्मिथने एक निबंध वाचला. नोटांचे ठसे कोरणारा हा कारागीर पुढे ब्रिटिश म्युझियममध्ये कामाला लागला होता. खुद्द पंतप्रधान ग्लॅडस्टन ऐकायला आले होते. आजच्या इराकमधल्या निनेव्हे इथे मिळालेल्या मातीच्या पाटीवर स्मिथला प्रलयाची कथा सापडली होती. ती गिल्गमेशच्या महाकाव्याचा भाग आहे. बायबल खरं ठरलं, असं काही जण म्हणाले. बायबल उसनं ठरलं, असं दुसरे म्हणाले. पाटी एकच!

नाव आणि डोंगर दोन्ही कथांत आहेत, पण त्यात विशेष काही नाही. पूर आला की माणूस नावेत बसणार आणि नाव उंचावरच टेकणार. खरी गंमत पक्ष्यांची आहे. जमीन उघडी पडली का, हे पाहायला पाटीवरचा नायक कबुतर, पाकोळी आणि कावळा सोडतो. नोहा आधी कावळा सोडतो, मग कबुतर. इतका बारीक तपशील दोन ठिकाणी आपापला सुचणं कठीण. म्हणून या दोन कथांचं नातं अभ्यासक मान्य करतात.

आता मनू. शतपथ ब्राह्मणात हात धुताना त्याच्या ओंजळीत छोटा मासा येतो. तो त्याला आधी कुंभात, मग खड्ड्यात आणि शेवटी समुद्रात ठेवतो. पुढे त्याच माशाच्या शिंगाला नाव बांधली जाते. इथे पक्षी नाहीत, प्राण्यांच्या जोड्या नाहीत, पापाची शिक्षाही नाही. आणि हा मासा विष्णूही नाही! महाभारताच्या वनपर्वात तो ब्रह्मदेव आहे, मत्स्यपुराणात विष्णू. मग ‘आपली मनूची कथा’ म्हणजे यांतली नेमकी कोणती?

काळाचं काय? प्रलयकथेच्या इराकमधल्या जुन्या पाट्या इ. स. पूर्व १७व्या शतकाच्या सुमाराच्या आहेत. शतपथ ब्राह्मण त्यानंतर काही शतकांनी रचलं गेलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्यामुळे ‘नोहा मनूवरून’ हा दावा टिकत नाही. पण मनूची कथा इराकमधून आली, असंही छातीठोकपणे सांगता येत नाही. काहींना तसं वाटतं खरं, मात्र पक्ष्यांसारखा पक्का दुवा इथे नाही. शिवाय ग्रंथाचं वय म्हणजे कथेचं वय नव्हे. लोक ती आधीपासून सांगत असू शकतात.

पुढचा मेसेज बहुधा कर्ण आणि मोझेसचा असेल. दोघंही नदीत सोडलेली बाळं. तेव्हा अक्कडचा राजा सरगॉन याची जन्मकथाही शोधून वाचा. त्याची टोपली डांबराने लिंपलेली होती, मोझेसचीही. कर्णाची पेटी मात्र मेणाने.