एम-थ्रीची केटी आणि दहावीचं बीजगणित

आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे नंतर कॅन्टीनमध्ये टोमणे नकोत. प्रस्तुत लेखकाची एम-थ्री राहिलेली आहे. तेव्हा गणितावर चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायचा मला काही अधिकार नाही. पण जो खड्ड्यात पडलाय त्याला खड्डा नेमका कुठे आहे ते ठाऊक असतं, तेवढ्याच भांडवलावर हे लिहितोय!

झालं असं, की डिसेंबरात ऐन पीएलमध्ये आमच्या मेसच्या काकांनी त्यांच्या धाकट्याला माझ्या रूमवर आणून सोडलं. मुलगा दहावीला. सहामाहीला बीजगणितात ४० पैकी ९. काका म्हणाले, "जरा बघा ह्याच्याकडं. बोर्डात निघाला तर पॉलिटेक्निकला घालतो. नाहीतर आहेच आपली परात." काका हसत बोलले, पण 'परात' ऐकून पोराने खाली घातलेली मान बराच वेळ वर आली नाही. मला नाही म्हणवेना. माझी केटीची तारीख तशीही दूर होती (असं तेव्हा वाटलं).

पहिल्या दिवशी विचारलं, "रिव्हिजन कशी करतोस?" त्याने गाईड काढलं. सोडवलेल्या उदाहरणांखाली लाल पेनाने रेघा. म्हणाला, "वाचतो की दादा. दोनदा झालंय सगळं वाचून." मला हसू आलं आणि तिथेच जिरलं. कारण माझ्या टेबलावर कुणाच्या तरी नोट्सची झेरॉक्स पडली होती आणि तिच्यावर पिवळा हायलायटर होता. मी तरी काय वेगळं करत होतो?

तर माझं पहिलं म्हणणं हे की, गणिताची रिव्हिजन वाचून होत नाही. सोडवलेलं उदाहरण वाचताना प्रत्येक पायरी पटत जाते, आणि पटलं की आपल्याला वाटतं, आलं! पेपरात कोरं पान समोर आलं की पहिली ओळच सुचत नाही. आम्ही दोघांनी एक नियम केला. उत्तर झाकायचं, कोऱ्या कागदावर उदाहरण सोडवायचं, आणि पेन जिथे अडेल तिथे खूण करून पुढे जायचं. एक चुकांची वही घातली. दोन आठवड्यांनी ती उघडली तर त्याच्या बहुतेक चुका त्याच त्या निघाल्या. कंसाबाहेर वजा असताना आतलं दुसरं चिन्ह तसंच ठेवणं, पक्षांतर करताना चिन्ह विसरणं, (क्ष + ३)/३ मधले ३ बिनदिक्कत उडवणं, वर्गमूळ घेताना फक्त अधिकचं घेणं. धडा कुठलाही असो, मार्क इथेच जातात. आणि खरं सांगू? माझ्या जुन्या एम-थ्रीच्या प्रॅक्टिस पेपरांत चारपैकी तीन चुका सापडल्या.

शाब्दिक उदाहरणं तर हा मुलगा ऑप्शनलाच टाकायचा. "ती आपल्याला नाही जमत, दादा." मग एकदा मेसमध्येच बसलो होतो, विचारलं, "३ किलो तूरडाळ आणि ५ किलो तांदूळ मिळून ७०० रुपये. ५ किलो डाळ आणि ३ किलो तांदूळ ९०० रुपये. भाव काय?" पठ्ठ्याने कागद घेतलाच नाही. "दोन्ही बिलं मिळून ८ किलो डाळ, ८ किलो तांदूळ, १६०० रुपये. म्हणजे एकेक किलोची जोडी २०० ला. दुसरं बिल २०० ने जास्त, त्यात २ किलो डाळ जास्त नि २ किलो तांदूळ कमी. म्हणजे डाळ तांदळापेक्षा १०० ने महाग. डाळ १५०, तांदूळ ५०." मी गप्प! पुस्तकातली रीत हीच आहे. सहगुणकांची अदलाबदल झालेली दिसली की आधी बेरीज, मग वजाबाकी. ५३क्ष + ३७य = १९६ आणि ३७क्ष + ५३य = १६४ असं आलं, तर ५३ ने गुणत बसणारा अर्ध्या तासाने घामाघूम होतो. बेरीज केली की ९० ने भागून क्ष + य = ४, वजाबाकी केली की १६ ने भागून क्ष − य = २, झालं, क्ष = ३, य = १. ह्या पोराला रीत येत होती. फक्त "मानू, डाळीचा भाव क्ष रुपये" ही ओळ लिहायची सवय नव्हती. ती ओळ लिहिली की पेपर तपासणारा मार्क द्यायला सुरुवात करतो, हेही त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आता वर्गसमीकरणं. इथे माझीच विकेट गेली. सूत्र पाठ आहे ना, मग पूर्ण वर्ग पद्धत कशाला, असं मी दहावीत म्हणायचो आणि ती सोडून द्यायचो. एम-थ्रीच्या पेपरात इन्व्हर्स लाप्लासला १/(एस² + ६एस + १३) आलं. अवयव पडेनात. पडणार कसे? विवेचक ३६ − ५२, म्हणजे −१६. मी पार्शल फ्रॅक्शनचे प्रयत्न करत वीस मिनिटं घालवली आणि प्रश्न सोडून दिला. जानेवारीत ह्या मुलाला पूर्ण वर्ग शिकवताना ६ चा निम्मा ३, त्याचा वर्ग ९ असं बोलत होतो आणि मध्येच थांबलो. (एस + ३)² + ४! उत्तर समोरच होतं : अर्धा गुणिले ई चा −३टी घात गुणिले साइन २टी. दोन ओळी. एका दहावीच्या पद्धतीपायी गेलेला प्रश्न! पोरगा विचारतोय, "काय झालं दादा?" काय सांगणार, कपाळ!

तेव्हापासून मी श्रीधराचार्यांचा भक्त झालोय. भास्कराचार्यांनी 'बीजगणित' ग्रंथात त्यांच्या नावाने एक रीत दिली आहे. समीकरणाला पहिल्या सहगुणकाच्या चौपटीने गुणायचं. उदाहरणार्थ ३क्ष² + ५क्ष − २ = ०. १२ ने गुणलं की ३६क्ष² + ६०क्ष = २४. दोन्हीकडे मधल्या सहगुणकाचा वर्ग, २५ मिळवला, की (६क्ष + ५)² = ४९. मग ६क्ष + ५ = ±७, आणि क्ष = १/३ किंवा −२. शेवटच्या पायरीपर्यंत अपूर्णांकाचं तोंड बघायला नको. ज्यांचे हातपाय अपूर्णांकाला बघून थरथरतात (आमच्या विंगमध्ये असे बरेच आहेत), त्यांनी एकदा करून बघावं.

बाकीच्या धड्यांबद्दल फार लिहीत नाही. संभाव्यतेत दोन फाशांचा ३६ जोड्यांचा नमुना अवकाश एकदा हाताने लिहून काढा, पुन्हा बोटं मोडावी लागत नाहीत. भूमितीत कच्ची आकृती आधी आणि दिलेलं सगळं तिच्यावर लिहायचं. त्रिकोणमितीच्या नित्यसमानतेत जी बाजू जास्त गुंतलेली ती धरायची आणि सगळं साइन-कोसाइनमध्ये आणायचं. एक मात्र आवर्जून : शेवटच्या महिन्यात धडेवार सराव बंद. प्रश्न सरमिसळ करून घ्यावेत. धड्याचं नाव वर छापलेलं असलं की रीत कुठली ते आपसूक कळतं. बोर्डाच्या दोन तासांत ते नाव नसतं.

आता थोडं प्राध्यापकवर्गासाठी, रागावू नये. एम-वनच्या पहिल्या तासाला "हे सगळं शाळेत झालंय" हे वाक्य बहुतेकांनी ऐकलंय. झालंय, सर, पण तिथे आम्ही ते वाचून आलोय! पहिल्या पंधरवड्यात दहावीच्या रीतींवर एक साधी, बिनमार्कांची चाचणी घ्यावी, आणि पूर्ण वर्ग, अपूर्णांक, एकसामयिक समीकरणं एवढ्यावर दोन ट्यूटोरियल द्यावीत. पोर्शन संपत नाही ही अडचण मलाही समजते. पण लाप्लासपर्यंत पोर्शन संपवूनही आमच्यातले निम्मे वजा चिन्हावर आपटणार असतील तर तो संपला तरी कुणाचा? माझे काही मित्र म्हणतील की एवढं कशाला, प्रश्नसंच पाठ करून केटी सुटतेच. सुटते. माझी एम-टू तशीच सुटली होती, आणि त्याची फळं वर सांगितलीच आहेत.

काकांच्या धाकट्याला पूर्वपरीक्षेत बीजगणितात ४० पैकी २१ पडले. भूमितीत १४, तिथे वर्तुळ अजून कच्चं आहे. आता तो एकटा येत नाही, वॉचमनकाकांची मुलगी आणि मागच्या वस्तीतली दोन पोरंही असतात. आम्ही मेसमध्ये बसतो, पण दहा वाजता काका भांडी आवरून लाईट बंद करतात. रेक्टर सरांना विनंती, बोर्ड होईपर्यंत रीडिंग रूमचं कोपऱ्यातलं एक टेबल आम्हाला रात्री आठ ते अकरा मिळावं. आवाज होणार नाही ही हमी माझी. फळ्याची गरज नाही, मागच्या बाजूने कोऱ्या असलेल्या झेरॉक्स आमच्याकडे भरपूर आहेत.