फोटो, प्रिंटर आणि आईची वही

दिवाळीनंतर भाच्याचा फोन आला. "मामा, घरी फोटो छापायला प्रिंटर घ्यायचाय. तीन मॉडेल्स काढून ठेवलीयत, त्यातलं कुठलं घेऊ?" आमच्या नात्यागोत्यात प्रिंटर या विषयातला मी तज्ज्ञ समजला जातो. त्याचं कारण एवढंच की मी एक प्रिंटर मारलाय आणि एक जगवलाय.

मी त्याला उलट विचारलं, "गेल्या वर्षभरात किती फोटो कागदावर काढून आणलेस?"

पलीकडे शांतता. मग म्हणाला, "घरी प्रिंटर नाही म्हणून तर राहून जातं ना!"

अगदी हेच वाक्य मी २०१४ साली बायकोला ऐकवलं होतं. त्या वर्षी मी एका नावाजलेल्या कंपनीचा 'फोटो प्रिंटर' घेतला. पहिल्या रविवारी पन्नासेक फोटो छापले. बारशाचे, कोकणातल्या सहलीचे, शेजारच्यांच्या मांजरीचेसुद्धा. दुसऱ्या रविवारी दहा. मग पावसाळा आला, मुलांच्या शाळा आल्या, आणि थेट दिवाळीत प्रिंटर पुन्हा सुरू केला तर सगळ्या नातेवाईकांच्या चेहऱ्यांवर आडव्या पांढऱ्या रेघा! हेड क्लीनिंग केलं. रेघा थोड्या कमी झाल्या. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केल्यावर शाई संपल्याचा दिवा लागला. एकही फोटो न छापता जवळजवळ अर्धं कार्ट्रिज मी नोझल धुण्यात घालवलं होतं. नवा जोड घ्यायला गेलो तर त्याची किंमत प्रिंटरच्या निम्म्याच्या आसपास. तो प्रिंटर मग माळ्यावर गेला आणि तिथून भंगारात.

कंपनीला शिव्या देऊन झाल्यावर लक्षात आलं की चूक मुख्यतः माझीच होती. इंकजेटच्या हेडला शेकडो छिद्रं असतात, केसापेक्षाही बारीक. त्यांतून पडणारा थेंब काही पिकोलिटरचा असतो. म्हणजे एका लिटरचे लाख कोटी भाग केले, तर त्यातले दोन-चार. बहुतेक शाया पाण्यात कालवलेल्या असतात. असं छिद्र महिनोन्‌महिने वापरलं नाही तर ते वाळून बसणारच. या यंत्राला मोटारसायकलसारखं अधूनमधून चालवावंच लागतं. आठवड्याला एखादं रंगीत पान तरी.

मग लोक म्हणतात, आता टँकवाले प्रिंटर आलेत, प्रश्न मिटला. अर्धाच मिटला. बाटलीतून शाई ओतायचे प्रिंटर एप्सनने २०१० साली आधी इंडोनेशियात आणले. तिथल्या दुकानदारांनी प्रिंटरला बाहेरून नळ्या आणि बाटल्या जोडायचा जुगाड कधीच सुरू केला होता. कंपनीने तोच जुगाड अधिकृत केला म्हणा ना. (आपल्याकडेही असे नळ्या लोंबणारे प्रिंटर झेरॉक्सच्या दुकानांत खूप दिसायचे.) त्याने शाई स्वस्त झाली, पण नोझल वाळायचं थांबलं नाही. उलट एक गोष्ट विक्रेता सांगत नाही. काही कार्ट्रिजमध्ये हेड कार्ट्रिजलाच चिकटलेलं असतं. ते वाळलं तर कार्ट्रिज बदललं की झालं. बऱ्याच टँक प्रिंटरमध्ये हेड यंत्रात पक्कं बसवलेलं असतं. ते गेलं की खर्च मोठा. त्यामुळे वर्षातून चारदा छापणाऱ्याने 'शाई स्वस्त' एवढ्यावर भुलून टँक घेऊ नये.

असो. जगवलेल्या प्रिंटरकडे येतो. तो २०२१ साली घेतला आणि त्याचं कारण आई.

आईला तेव्हा विसरायला होऊ लागलं होतं. नावं आधी गेली, मग नाती एकमेकांत मिसळायला लागली. बहिणीने कल्पना काढली की एक वही करू. पानावर एक मोठा फोटो आणि खाली ठळक अक्षरांत नाव, नातं, कुठे असतो ते. आधी मी टॅबलेटवर सगळे फोटो घालून दिले होते. ते चाललं नाही. कारण आई चेहरा ओळखायला त्यावर बोट ठेवते, आणि बोट ठेवलं की फोटो पळून जातो! तिला वाटायचं, माणूसच उठून गेला. कागदावरचा माणूस बसून राहतो.

मग लॅबमधून फोटो आणले. लॅबचे प्रिंट रंगाला सुरेखच असतात, त्यात वादच नाही. पण दोन अडचणी आल्या. पहिली म्हणजे चकाकी. ट्यूबलाइटखाली आईला मामेभावाच्या जागी पांढरा पट्टा दिसायचा. यावर मॅट कागद मागता येतो, तसा मी मागितलाही. दुसरी अडचण वेळेची. रविवारी कुणी भेटून गेलं, तर त्याचा फोटो सोमवारी वहीत लागला पाहिजे, भेटीची आठवण पुसट व्हायच्या आत. एकेका फोटोसाठी लॅबमध्ये जाणं जमेना. तेव्हा घरात प्रिंटर हवा असं ठरलं. या वेळी 'आठवड्यातून किती' या प्रश्नाला माझ्याकडे खरं उत्तर होतं : दोन ते चार.

आधी मित्राच्या प्रिंटरवर, स्वस्तातल्या ग्लॉसी कागदावर चार पानं छापून पाहिली. दिसायला झकास. दुसऱ्याच दिवशी आईने मेथी निवडता निवडता वही ओढली आणि ओल्या बोटाने धाकट्या मावशीचा गाल पुसला गेला. ती घाबरून माझ्याकडे बघायला लागली, आपल्या हातून काहीतरी झालं म्हणून. त्या दिवसापासून प्रिंटर निवडण्याचं माझं माप बदललं.

फोटोसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या घरगुती प्रिंटरमध्ये बहुतेक डाय शाई असते. म्हणजे पूर्ण विरघळलेला रंग. तो कागदाच्या लेपात मुरतो, म्हणून ग्लॉसी कागदावर खुलतो. सहा रंगांच्या यंत्रात फिका निळा आणि फिका किरमिजी रंग जास्तीचा असतो, त्यामुळे त्वचेची छटा मऊ उतरते. पण पाण्याला, उन्हाला आणि हवेतल्या ओझोनला डाय शाई भिते. २०००च्या सुमारास एप्सनच्या त्या वेळच्या नव्या फोटो प्रिंटरवर छापलेले फोटो काही लोकांकडे बघता बघता नारिंगी पडले होते. उघड्यावर ठेवलेल्या प्रिंटमधला निळसर रंग ओझोन खाऊन टाकत होता. त्यानंतर शाया पुष्कळ सुधारल्या, पण मूळ स्वभाव तोच. दुसरी शाई पिगमेंटची. तिच्यात रंगाचे घन कण असतात आणि ते कागदाच्या पृष्ठभागाजवळ बसतात. त्या पाण्याला आणि उजेडाला जास्त टिकतात. ग्लॉसीवर मात्र त्या मार खातात, तिरकं धरलं तर चकाकी तुकड्यातुकड्यांनी दिसते. मॅटवर ही अडचण येत नाही.

आता गणित सोपं झालं. कागद मॅट हवा, हात ओला असणार, छपाई दर आठवड्याला. मी ऑफिससाठी म्हणून विकला जाणारा, चारही शाया पिगमेंटच्या असलेला टँक प्रिंटर घेतला. त्याच्या खोक्यावर फोटोचं चित्रसुद्धा नव्हतं, नुसते बार चार्ट! दुकानदाराने दोनदा बजावलं, "साहेब, हा फोटोसाठी नाही हां." खरं होतं त्याचं. सूर्यास्त यावर छापलात तर फिका येतो. काळा रंग कोळशासारखा गडद नाही. गोऱ्या गालांवर बारकाईने पाहिलं तर कणी दिसते. पण मावशीचा गाल पुन्हा पुसला गेला नाही.

माझं म्हणणं तेच आहे. परीक्षणं लिहिणारे रंगांची व्याप्ती मोजतात, खोक्यावर '५७६० डीपीआय' असं छापलेलं असतं, आणि आपण त्या आकड्यांची तुलना करत बसतो. तो आकडा शाईच्या बारीक ठिपक्यांचा, फोटोतल्या तपशिलाचा नव्हे. तपशिलाला इंचाला ३०० पिक्सेल असले की भरपूर झाले. चार बाय सहाच्या फोटोला बावीस लाखांच्या आतच पिक्सेल लागतात. एवढे तर जुन्या फोनमध्येही असायचे. खरा घोळ दुसरीकडेच होतो. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो लांबीला १६०० पिक्सेलच्या आसपास येऊन बसतो आणि त्यातल्या पंधरा माणसांच्या घोळक्यातून एक चेहरा कापून काढला की नाकाचे चौकोन दिसतात. २०२३पासून तिथे एचडीचा पर्याय आहे, पण तो पाठवणाऱ्याने निवडायला हवा. मी सरळ सगळ्यांना सांगतो, फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

प्रिंटरवर वाचवलेले पैसे कागदावर घाला, हे मात्र सगळ्यांनाच सांगेन. मी अप्पा बळवंत चौकातून इंकजेटचा लेप असलेला जाड मॅट कागद आणतो. साध्या कागदावर तीच शाई पसरट आणि मळकी दिसते. आणि छापताना कागदाचा प्रकार बरोबर निवडायचा. मॅट घालून सेटिंग 'साधा कागद' ठेवलं की रंग बिघडतात आणि आपण प्रिंटरला दोष देतो.

भिंतीवर लावायचा मोठा फोटो मी अजूनही लॅबमधूनच आणतो. लग्नाचा आल्बमही तिथूनच करावा. हौसेने, नेमाने आणि स्वतः रंग जुळवत बसून ग्लॉसी फोटो छापणाऱ्याने सहा रंगांचा टँक खुशाल घ्यावा, त्याला त्यात सुख आहे. समारंभात पाहुण्यांच्या हातात लगेच फोटो द्यायचे असतील तर कॅननचा सेल्फी नावाचा छोटा डाय-सब्लिमेशन प्रिंटर बरा. त्यात वाळायला शाईच नसते आणि फोटोवर वरून संरक्षक थर चढतो. फक्त आकार पोस्टकार्डाएवढा. आमच्या वहीला तो पुरला नसता.

भाच्याला यातलं निम्मंच सांगितलं. बाकी म्हटलं, "दोन महिने दर आठवड्याला पाच फोटो लॅबमधून आण. ते कुठे ठेवलेस, कुणी हातात घेतले, ते बघ. तेवढं जमलं तर फोन कर, मग मॉडेलचं बोलू."

प्रिंटरसाठी त्याचा फोन काही आला नाही. पण गेल्या पंधरवड्यात आजीच्या वहीसाठी म्हणून त्याचं पाकीट आलं. आत सहा फोटो, मागे व्यवस्थित नावं लिहिलेली. मॅट सांगितले होते, पठ्ठ्याने ग्लॉसी पाठवलेत. मी ते स्कॅन केले आणि माझ्या बार चार्टवाल्या प्रिंटरवर पुन्हा छापून वहीत चिकटवले.