ऱ्हस्व-दीर्घाचा खेळ

‘सूत’ म्हणजे धागा आणि ‘सुत’ म्हणजे पुत्र. एका उकाराने घरचा मुलगा चातीवर चढावयाचा! तथापि अशी चूक होताच तोच शब्द पन्नास वेळा लिहावयास लावण्याची जी चाल आपल्या घरांतून आहे, तिने भाषेचा कंटाळा मात्र जडतो.

आम्ही निराळा उपाय सुचवितो. घरातील लहानमोठी मुले एकत्र बसवावी. एकाने ताटातील रांगोळीत बोटाने शब्द काढावा. इतरांनी तो मोठ्याने म्हणून ऱ्हस्वाला एक व दीर्घाला दोन टाळ्या द्याव्या. ताट हलविले की चूक नाहीशी! मग चिंचोक्यांनी ‘फूल’ मांडून त्याचे ‘फुलाला’ करावे. ‘मूल-मुलाला’, ‘खीर-खिरीत’ असे चालू द्यावे. मराठी शब्दाच्या शेवटून दुसऱ्या अक्षरातील दीर्घ इकार-उकार प्रत्यय लागताना ऱ्हस्व होतो, हा साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांपैकी एक नियम मुलांना अशा रीतीने स्वतःच उमगतो.

‘गुण’, ‘विष’ हे संस्कृत शब्द मात्र कानाला चकवितात. उच्चार दीर्घ भासला तरी लेखन ऱ्हस्वच. अशा शब्दांच्या चिठ्ठ्या मुलांकडूनच लिहवून जेवणघराच्या भिंतीवर डकवाव्या.

आजोबांनी रोज दहा मिनिटे पंच व्हावे, एवढीच आमची विनंती.